उसण भरली म्हणून आईची पाठ चोळत बसलो, आत मणका मोडला होता

मलप्रभेची_लेक

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. मी बेळगावात शाळेत शिकवते, गावी आई, भाऊ आणि वहिनी असतात. आईचं वय ६९.

गेल्या श्रावणात आईनं न्हाणीतला पाण्याचा हंडा वाकून सरकवला. उचलला नाही, नुसता सरकवला. पाठीत मधोमध कट्‌कन झालं आणि ती भिंत धरून तिथंच खाली बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, उसण भरली. कापूर घालून खोबरेल चोळलं, वीट तापवून शेकलं. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या पायाळू पोराला बोलावून पाठीला पाय लावून घेतला. त्या रात्री आई झोपलीच नाही. उताणी, हलायची नाही, तोवर बरी असायची. कुशीवर वळायचं म्हटलं की ओरडायची. बसून उठताना तर डोळ्यांपुढं अंधारी यायची.

जवळच्या दवाखान्यात दोन सुया आणि दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. 'आता वय झालं, दुखायचंच' असं सांगून परत पाठवलं. पाठीला हात लावून कुणी पाहिलं नाही, एक्स-रे कुणी सांगितला नाही. तीन आठवडे असेच गेले. शेवटी मी तिला गाडी करून बेळगावला आणलं.

इथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि बोट ठेवलं. एकावर एक रचलेल्या चौकोनी ठोकळ्यांत एक ठोकळा पुढच्या बाजूनं चेपून पाचरीसारखा झाला होता. बरगड्यांच्या भागातला शेवटचा, बारावा मणका. हाडं ठिसूळ झाली की एवढ्या तेवढ्यानं मणका असा मोडतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी बोट वर सरकवलं. आठवाही चेपलेला, आणि तो जुना. 'हा कधी मोडला?' असं त्यांनी विचारलं. आम्हा तिघांपैकी कुणाला उत्तर देता आलं नाही.

घरी येताना गाडीत मला आठवत गेलं. दोनेक वर्षांपासून आईचं लुगडं पायात यायला लागलं होतं, सारखी निऱ्या वर खोवून घ्यायची. फळीवरचा चहाचा डबा तिच्या हाताला येईना म्हणून वहिनीनं तो खाली ठेवला होता. आई वाकत चालली होती, बुटकी होत चालली होती, आणि आम्ही ते रोज डोळ्यांनी बघत होतो.

आता विचारायचं ते असं. ती अर्ध्या भाकरीवर पोट भरलं म्हणते. चार पायऱ्या चढली की दम लागतो. हे पाठीमुळं असेल का? पट्टा बांधायचा की नाही? झोपवून ठेवायचं की चालवायचं?

फिजिओ_टिळकवाडी

ताई, दोन्ही पाठीमुळंच असण्याची शक्यता मोठी आहे. तरी दम लागतोय तर छाती आणि हृदय एकदा तपासून घ्या, सगळं पाठीवर ढकलू नका.

मणका पुढून चेपला की वरचं सगळं धड पुढं कलतं. दोन-तीन मणके चेपले की बरगड्या खाली उतरतात आणि कमरेच्या हाडाला जाऊन टेकतात. मग पोटाला जागाच उरत नाही. ते पुढं येतं, घरचे म्हणतात सुटलं. खरं तर आतडी आणि जठर दाबले गेलेले असतात. थोडं खाल्लं की भरल्यासारखं होतं, जळजळते, शौचाला घट्ट होते. छातीचंही तेच, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. छातीच्या भागातला एकेक मणका मोडला की श्वासाची क्षमता साधारण ९ टक्क्यांनी उतरते असं एका जुन्या अभ्यासात मोजलंय. म्हणून अशा पेशंटना आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला सांगतो, आणि खोल श्वासाचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून घेतो.

झोपवून ठेवू नका. पहिले काही दिवस दुखणं असह्य असतं तेव्हा विश्रांती ठीक, पण आठवड्याच्या वर अंथरुणाला खिळलं की स्नायू आणि हाड दोन्ही भराभर झिजतात. दुखण्यावरची गोळी वेळेवर द्या आणि गोळी लागू पडली की उभं करून घरातल्या घरात फिरवा. पट्टा उठता-बसताना आधाराला बरा. दिवसभर महिनोन्महिने बांधला तर पाठीचे स्नायू काम विसरतात. बहुतेकांचं तीव्र दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं.

उठायची पद्धत शिकवा. आधी कुशीवर, मग पाय खाटेखाली, मग हातावर जोर देऊन बसायचं. सरळ उताण्यावरून उठायचं नाही.

निपाणीची_अक्का

ह्ये वाचलो आणि फोन बाजूला ठेवून बसलो जरा वेळ.

माझी आई ४० वर्सं विड्या वळली. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, सकाळपासनं दिवा लावंपर्यंत. आमच्या गल्लीत समद्या बायकांची पाठ तशीच. लोक म्हणायचे धंद्याचा बाक हाय. आमीबी तेच म्हणायलो. तिला दोनदा उसण भरली, दोन्ही डाव तेल लावून बसलो. तिसऱ्या डावाला निमोनिया झाला तवा छातीचा फोटो काढला, आणि तेच्यात दिसलं, चार मणके मोडल्यात. फोटो छातीचा, सापडला कणा. छाती उघडतच नव्हती तिची. खोकायचं म्हटलं तर पाठीत कळ, म्हणून खोकायची न्हाई, कफ आतच ऱ्हायला. तेच्यातनं ती उठली न्हाई.

तुमच्या आईला खोकला झाला तर लगेच दाखवा बाई. उशी पोटाशी धरून खोकायला सांगा. मला ह्ये दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं खरं लई उशिरा.

फिजिओ_टिळकवाडी

अक्का, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. छातीच्या एक्स-रेत मोडलेला मणका दिसतो, पण बघणाऱ्याचं लक्ष फुप्फुसाकडं असतं आणि तो तसाच निसटतो. असे मोडलेले मणके तीनातले दोन कुणाच्या ध्यानातच येत नाहीत.

घरी करून बघण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं करा. हनुवटी वर न करता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का? लागत नसेल तर वरच्या भागात मणका चेपलेला असण्याची शंका घ्या. दुसरं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बाजूनं बोटं घाला. दोन बोटांएवढीही जागा नसेल तर खालच्या भागाचा एक्स-रे काढा. आणि उंची. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर कमी झाली असेल तर ते नुसतं वय समजू नका.

अथणीचे_काका

बाप्या माणसांना होत नाही असं समजू नये म्हणून लिहितो. वय ७४. दम्यासाठी मी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, कधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कधी मेडिकलमधून आपल्या मनानं. एसटीच्या मागच्या बाकावर बसलो होतो, खड्डा आला, मी उडून खाली आदळलो. बस्स, तेवढ्यानं मणका गेला. नंतर कळलं, स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, आणि प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम तीन महिने चाललं तरी हाडाचं रक्षण करायचं औषध लागतं का ते बघायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गोळी मात्र एकदम बंद करू नका कुणी, त्यानं जिवावर बेततं. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

आता मी बसमध्ये पुढच्या बाकावरच बसतो. कंडक्टरला सांगितलं की जागा मिळते.

मलप्रभेची_लेक

सगळ्यांचे आभार. अक्का, तुमचं वाचून रात्री वहिनीला फोन केला, उशीचं लगेच सांगितलं.

भिंतीची परीक्षा भावानं केली. आईचं डोकं भिंतीपासून चार बोटं लांब राहतं.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी दिलीय, अॅलेंड्रोनेट. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची पुडी. पण गोळीनं छातीत जळजळतं म्हणून आई दोन आठवडे ती लपवून ठेवत होती, उशीच्या खोळीत सापडली. काय करावं?

निवृत्त_एमडी

गोळी कशी घेते ते आधी विचारा. माझा अंदाज आहे, चहाबरोबर घेऊन पुन्हा आडवी होत असेल.

ही गोळी सकाळी उठल्यावर, पूर्ण रिकाम्या पोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांतलं काहीही अर्धा तास पोटात जाता कामा नये, नाहीतर औषध शोषलंच जात नाही. आणि तो अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं झालं की गोळी अन्ननलिकेला चिकटून जखम करते. तुमच्या आईला पाठीमुळं अर्धा तास बसवत नसेल, किंवा गिळायला त्रास असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड आहे, ५ मिलिग्रॅमचं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, ती जाते. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झाली पाहिजे, रक्तातलं कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व बघितलं पाहिजे. दाताचं मोठं काम, काढणं वगैरे, असेल तर ते आधी उरकून घ्या.

दोन मणके मोडलेत, म्हणून रोज पोटावर टोचायच्या टेरिपॅराटाइडबद्दलही विचारा. बाकीची औषधं झीज थोपवतात, हे नवं हाड घालतं. महाग आहे, पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, साधारण दोन वर्षांपर्यंतच देतात आणि नंतर दुसरं औषध चालू करावंच लागतं. झेपत असेल तर अशा पेशंटला उपयोग मोठा.

औषध का टाळायचं नाही, तेही आईला समजेल अशा भाषेत सांगा. एक मणका मोडला की पुढच्या वर्षभरात दुसरा मोडण्याचं प्रमाण साधारण पाचात एक आहे. मोडलेल्याच्या शेजारच्यावर भार वाढतो आणि हाड तर सगळीकडं सारखंच ठिसूळ असतं. गावात कधी दगडी बांध ढासळताना बघितला असेल तर लक्षात येईल, एक दगड सुटला की शेजारचे हलायला लागतात. आपण दुखणं थांबलं की बरं झालं समजतो. दुखणं थांबलं म्हणजे एवढंच की मोडलेला मणका चेपलेल्या आकारात जुळून आला. तो पुन्हा चौकोनी होत नाही.

डीच्या ६०,००० युनिटच्या पुडीबद्दल एक सूचना. ती आठवड्याला एक असते. रोज एक घेऊन कॅल्शियम भलतंच वाढलेले, उलट्या होत, भ्रमिष्टासारखे बोलत आलेले लोक मी माझ्या ओपीडीत बघितलेत.

कॅम्प_रहिवासी

मणक्यात सिमेंट भरतात म्हणे, एका दिवसात घरी. ते का करत नाही तुम्ही?

निवृत्त_एमडी

करतात. पण २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत निम्म्या पेशंटना सिमेंट भरलं आणि निम्म्यांना भरल्याचं नुसतं नाटक केलं. दोन्हींत दुखणं सारखंच कमी झालं. त्यामुळं सरसकट कुणाला करू नये. आठवडे उलटले, गोळ्यांनी अजिबात भागत नाही, पेशंट अंथरुणातून हलूच शकत नाही, एमआरआयमध्ये मोड ताजा दिसतो, अशा निवडक ठिकाणी विचार करतात. आणि सिमेंट भरलं तरी हाडाचं औषध चुकत नाही.

हुक्केरीहून

मोडलेला मणका प्रत्येक वेळी ठिसूळपणानंच मोडलेला असतो असं धरून चालू नका, एवढ्यासाठी लिहितोय. माझ्या वडिलांना वय ६३ ला असंच झालं. एक्स-रे बघून कॅल्शियम चालू केलं आणि पाच महिने आम्ही तेच देत राहिलो. वजन उतरत होतं, रक्त कमी होतं, रात्री झोपल्यावरही दुखायचं. निदान झालं मायलोमाचं, हाडाच्या मगजातल्या कर्करोगाचं. पाच महिने लवकर कळलं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती. ते आता नाहीत.

ताप, उतरतं वजन, रात्रीचं दुखणं असेल तर रक्ताच्या तपासण्यांचा आग्रह धरा. आपल्याकडं क्षयही मणका खातो. आणि पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.

मलप्रभेची_लेक

दादा, फार वाईट वाटलं. आईच्या रक्ताच्या तपासण्या झाल्यात, क्षय आणि मायलोमा दोन्ही नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून रिपोर्ट पुन्हा काढून वाचला.

चंदगडची_सून

आमच्याकडं नाचणी असते. सासूबाईंना रोज सकाळी आंबील आणि रात्री नाचणीची भाकरी. कॅल्शियमच्या गोळ्यांची काय गरज?

फिजिओ_टिळकवाडी

वहिनी, आंबील सोडू नका. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत तिच्या जवळपास कुणी नाही. पण या वयात रोजची गरज १००० ते १२०० मिलिग्रॅमची. एका भाकरीत ५०-६० ग्रॅम पीठ जातं, त्यातून २०० मिळतं. दूध, ताक, तीळ, शेवगा धरून किती होतं ते बघा आणि कमी पडेल तेवढीच गोळी. मात्र एकदा मणका मोडला की नुसत्या कॅल्शियमनं भागत नाही, वर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध लागतंच. प्रथिनंही बघा. डाळ, उसळ, अंडं, चालत असेल तर मासे. आपल्या म्हाताऱ्या बायका भात आणि आमटीचं पाणी यावर दिवस काढतात.

शहापूर_माग

हाडाची झीज थोपवायला दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन कुणी घेत असेल तर तारीख चुकवू नका. मावशीचं बरं चाललं होतं म्हणून आम्हीच थांबवलं, कुणाला न विचारता. वर्षाच्या आत तीन मणके एकदम गेले. ते औषध थांबवलं की रोखून धरलेली झीज उसळून येते. थांबवायचं तर त्याच्या जागी दुसरं औषध आधी ठरवून घ्यावं लागतं. हे आम्हाला मोडल्यावर कळलं.

अथणीचे_काका

योगाचं कुणी सांगेल का? आमच्या वर्गात पादहस्तासन घेतात.

फिजिओ_टिळकवाडी

काका, पुढं वाकायचं एकही आसन नको. पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कार, कंबर पिळायची आसनं, सगळं बंद. १९८४ सालच्या एका अभ्यासात पुढं वाकायचे व्यायाम केलेल्या बायकांपैकी ८९ टक्क्यांचे नवे मणके चेपले. पाठ मागं ताणायचे व्यायाम केलेल्यांत ते १६ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी मी तो कधी विसरत नाही. तुमच्या शिक्षकांना एक्स-रे दाखवा. पोटावर झोपून छाती जरा उचलणं, खांदे मागं ओढणं, भिंतीला पाठ लावून उभं राहणं आणि रोज चालणं, एवढं पुरे.

हाच नियम घरकामाला. केर लांब दांड्याच्या झाडूनं, भांडी ओट्यावर, भांगलण आणि रोप लावण कायमची बंद. शेतातल्या बाईला हे सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे. पुढच्या हंगामात ती पुन्हा चिखलात वाकलेली दिसते.

निपाणीची_अक्का

पाय लावून घ्यायचं, चोळायचं, कंबर बसवायचं हे बी बंद म्हणा की कुणीतरी मोठ्यांदा. आमच्याकडं अजून चालू हाय.

निवृत्त_एमडी

अक्का, म्हणतो. साठीच्या पुढं, पडल्याशिवाय, वाकताना किंवा काही उचलताना पाठीत अचानक कळ आली तर एक्स-रे होईपर्यंत पाठीला कुणी दाबायचं नाही, चोळायचं नाही, पाय तर लावायचाच नाही. किरकोळ धक्क्यानं मोडलेला मणका दिसला तर डेक्सा या हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा आकडा ठिसूळपणाच्या रेघेच्या, म्हणजे उणे २.५ च्या, वर आला तरी हाड ठिसूळच समजायचं. शिबिरात टाचेवर यंत्र लावून दिलेली चिठ्ठी ही तपासणी नव्हे.

मलप्रभेची_लेक

चार महिन्यांनी लिहितेय.

आईला झोलेड्रोनिकचं सलाइन झालं, दोन दिवस ताप आला आणि उतरला. दुखणं बरंचसं गेलं. भाकरी एका वेळी अर्धीच खाते, पण दिवसातून पाच वेळा खाते. वजन दीड किलोनं वाढलं. वीस वर्षांपूर्वीच्या एका ऑपरेशनच्या कागदावर तिची उंची १५३ सेंटिमीटर लिहिलेली सापडली. आज १४६ आहे. भावानं चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातलीय, दर तीन महिन्यांनी बघणार. न्हाणीत नळाला रबरी नळी जोडली, हंडा माळ्यावर गेला. वहिनीनं तिची लुगडी नेऊन काठाकडून दुमडून शिवून आणली.

तो पायाळू पोरगा नववीत आहे. त्याला गावात कुणीतरी म्हटलं होतं, तुझ्या पायानं म्हातारीचा मणका मोडला. महिनाभर तो आमच्या दारावरून जाईना. मागच्या सुट्टीत मी त्याला बोलावून दोन्ही फिल्मा खिडकीला धरून दाखवल्या, कोणता मणका कधीचा ते सांगितलं. मोड आधी झाला होता, त्याला बोलावलं आम्ही होतं. तो बराच वेळ बघत राहिला, मग विचारलं, आजी कधी चालायला जाते?

आता रोज पाचच्या सुमारास येतो आणि तिचा हात धरून देवळापर्यंत नेऊन आणतो. परवा आई सांगत होती, वाटेत ते दोघं पावलं मोजतात.